‘आहे तसे’ या दोन शब्दांची किंमत

शिकागो म्हटले की आपल्या समाजाला 1893 ची सर्वधर्म परिषद आणि तेथे जैन दर्शन मांडणारे वीरचंद राघवजी गांधी आठवतात. याच नगरीत पुढे एक निराळा उद्योग बहरला. उतरत्या लाकडी पटावर पोलादी गोळी सोडून गुण मिळविण्याचे पिनबॉल यंत्र गॉटलिब, बॅली आणि विल्यम्स या तेथील कंपन्यांनी घरोघरी ओळखीचे केले.

सप्तव्यसनांत द्यूताला पहिले स्थान देणारा वाचक विचारील, हा जुगार नव्हे काय? न्यूयॉर्कलाही तेच वाटले होते. 1942 मध्ये तेथे या यंत्रांवर बंदी आली, ती 1976 पर्यंत टिकली. प्रारंभीच्या यंत्रांत गोळी सुटल्यावर खेळणाऱ्याच्या हाती फारसे काही उरत नसे. 1947 मध्ये गॉटलिबच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ने फ्लिपर म्हणजे गोळी परतविणारे पाते आणले आणि नशिबाच्या खेळात कौशल्य शिरले.

आज अमेरिकेत अशी यंत्रे तळघरांतून निघतात आणि ‘दुरुस्तीयोग्य’ म्हणून विकली जातात. तेथे स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांपैकी कोणी घर घेतले व त्यासोबत असे धूड पदरी पडले, तर पुढील विवेचन उपयोगी पडावे.

बॅलीचे 1977 चे ‘एट बॉल’ घ्या. वीस हजारांहून अधिक नग निघाल्यामुळे ते अजूनही बाजारात आढळते. त्याच्या मागच्या उभ्या पेटीत इलेक्ट्रॉनिक पट्टी असते आणि उच्चांक स्मरणात ठेवण्यासाठी तिच्यावर निकेल-कॅडमियमची लहान बॅटरी डाखाने जोडलेली असते. वर्षानुवर्षे पडून राहिलेली ही बॅटरी पाझरते. तिच्यातील क्षार तांब्याच्या रेषा व चिप बसविण्याच्या खाचा खातो. यंत्राचे खरे मोल बहुधा इथेच ठरते. तरीही विक्रेते चकचकीत पायांची छायाचित्रे देतात, पट्टीचे देत नाहीत!

क्षार पुसून वर रंगाचा हात फिरविणे अवघड नाही. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘प्रतिरूपक-व्यवहार’ आहे, म्हणजे अस्सलाच्या नावाखाली बनावट माल देणे. तुपात भेसळ करणारा त्यात येतो हे सर्वांना मान्य आहे. माझ्या मते रंगविलेली पट्टी विकणाराही त्यातच येतो. ‘आहे तसे’ लिहिल्याने कायद्याच्या कचाट्यातून सुटका होत असेल, व्रतातून होत नाही. ठाऊक असलेला दोष सांगितल्यावरच त्या दोन शब्दांना अर्थ येतो.

दुसरे मर्मस्थान मागची चित्रमय काच. चित्र काचेच्या आतील बाजूस छापलेले असते आणि दिव्यांच्या उष्णतेने रंगाचे पापुद्रे सुटतात. विकण्यापूर्वी स्वच्छतेच्या उत्साहात आतून फडके मारले, तर उरलेले चित्रही फडक्यावर येते. काच आहे तशीच ठेवावी. खेळाच्या पटावरील झिजही झाकू नये.

‘चालते का ते पाहू’ म्हणून दशकानुदशके बंद असलेले यंत्र एकदम विजेला जोडू नये. आधीच्या कुणीतरी चुकीच्या क्षमतेचा फ्यूज बसविलेला असू शकतो. न तपासता ‘किरकोळ दोष’ लिहिण्यापेक्षा ‘चालवून पाहिलेले नाही’ असे लिहिणे बरे.

किंमत ठरविताना व्यापारी बुद्धी वापरावी. तेच यंत्र चालू स्थितीत कितीला जाते ते पाहून त्यातून नवी पट्टी, रबरी कडी, दिवे आणि कारागिराची मजुरी वजा करावी. आपल्या आठवणींचे मोल घेणारा देत नाही. सुटे भाग करून विकल्यास कधीकधी अधिक पैसे मिळतात, पण दुरुस्त होण्याजोगे यंत्र त्यात कायमचे संपते. शौकीन मंडळींना हे मुळीच रुचत नाही आणि मलाही तो नफा गोड वाटत नाही.

सौदा ठरला की आतील पोलादी गोळी आधी काढावी. सुमारे ऐंशी ग्रॅमची ही गोळी वाहतुकीत उसळली तर पट आणि काच दोन्हींचा घात करते. यंत्राचे वजन शंभर किलोंच्या वर भरते, म्हणून चारही पाय सोडवून दोघा-तिघांनी उचलावे. किल्ल्या, विद्युत-आराखडा व मूळ पुस्तिका वेगळ्या पाकिटात घालून घेणाऱ्याच्या हाती द्याव्यात.