वैमानिकाचा मुखवटा

रत्नागिरीहून कोल्हापूरला जाताना एस. टी. आंबा घाट चढू लागली की कानांत दडे बसतात, हे आपणांपैकी पुष्कळांनी अनुभवले असेल. श्वासाला मात्र काही होत नाही. कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंच माथ्यावर धाप लागते तीही बहुतांशी पायांच्या कष्टांमुळे. लढाऊ विमानाची गोष्ट निराळी. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात पूर्वी मिग-२१ आणि पुढे सुखोई-३० विमाने बांधली गेली. ही विमाने दहा-बारा हजार मीटरांवर सहज जातात, आणि त्यांतल्या वैमानिकाला नाकातोंडावर घट्ट मुखवटा चढवून श्वास घ्यावा लागतो. तो श्वास सुखाने घेता येतो की नाही, हा प्रश्न वरवर चैनीचा वाटेल. तसा तो मुळीच नाही.

हवेत प्राणवायू किनाऱ्यावर शेकडा २१ असतो नि दहा हजार मीटरांवरही शेकडा २१च. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रकाठी तो पाऱ्याचे ७६० मिलिमीटर भरतो. साडेपाच हजार मीटरांवर निम्मा, दहा हजारांवर जेमतेम चौथाई. प्राणवायू फुप्फुसातून रक्तात शिरतो तो दाबाच्या जोरावर. दाब पडला की छाती कितीही फुगवा, रक्त उपाशीच राहते.

आता खरी गोम ऐका. पाण्यात बुडी मारल्यावर जीव कासावीस होतो, तो मुख्यतः अंगात कार्बन डाय-ऑक्साइड साठल्यामुळे. उंचावर हा वायू उच्छ्वासाबरोबर बाहेर जातच असतो, म्हणून गुदमरल्यासारखे वाटत नाही. उलट माणसाला थोडी ताडी घेतल्यासारखी हुशारी येते. नखे निळी पडतात, साधे हिशेब चुकतात, अन् त्याला वाटते, आपले उत्तम चालले आहे!

१५ एप्रिल १८७५ रोजी फ्रान्समध्ये ‘झेनिथ’ नावाच्या बलूनमधून तिसांदिये, क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल असे तिघे वर गेले. प्राणवायूच्या पिशव्या बरोबर होत्या, नळ्या हाताशी होत्या. आठ हजार मीटरांच्या सुमारास तिसांदियेच्या मनात आले की आता नळी तोंडाला लावावी. पण हातच उचलेना. बलून जमिनीवर आले तेव्हा तो एकटा जिवंत होता.

तेव्हा प्राणवायू जवळ असून भागत नाही. तो सहज, न थांबता आत गेला पाहिजे. मुखवटा नाकाच्या हाडावर काचला तर माणूस पट्टा सैल करतो. टोचणारे पायताण आपण बांधावर काढून ठेवतो, तितकेच हे स्वाभाविक. पण सैल कडेतून विरळ हवा आत शिरते आणि घात होतो. झडप जड असली तर आणखी निराळी पीडा. शिक्षकांनी मुलांना नाक मिटून शहाळ्याच्या बारीक नळीतून चार श्वास घ्यायला लावावे, म्हणजे लगेच कळेल. असा ओढून श्वास घेताना माणूस घाबरतो, भराभर श्वास घेऊ लागतो, कार्बन डाय-ऑक्साइड नको इतका बाहेर जातो. मग बोटांना मुंग्या आणि डोक्याला भोवळ. प्राणवायू कमी पडल्याची लक्षणेही थेट अशीच! म्हणून वैमानिकाला शिकवतात की कारण शोधत बसू नकोस. आधी शुद्ध प्राणवायू चालू कर, नळी नि मुखवटा तपास, विमान खाली आण, आणि श्वास मुद्दाम सावकाश घे.

बारा हजार मीटरांच्या वर विमानाच्या कोठडीतला दाब गेला, तर शुद्ध प्राणवायूही पुरत नाही. तो दाबाने छातीत भरावा लागतो. आषाढात भाट्याच्या किनाऱ्यावर वाऱ्याकडे तोंड उघडून उभे राहा, थोडी कल्पना येईल. एरवी श्वास घ्यायला स्नायू राबतात आणि सोडताना छाती आपोआप मिटते. येथे सारे उलटे. श्वास आपणहून आत घुसतो. सोडायला मात्र चुलीवर फुंकणी फुंकावी तसा जोर लागतो. दोन शब्द बोलायचे तरी कठीण. याचा सराव जमिनीवरच करावा लागतो. बंगळूरला १९५७ साली स्थापन झालेल्या वायुसेनेच्या वैद्यकीय संस्थेत हवेचा दाब कमी करता येईल अशी बंद खोली आहे. तेथे वैमानिक आपली स्वतःची लक्षणे ओळखायला शिकतात.

मग सदैव शुद्ध प्राणवायूच का देऊ नये? कारण निरुद्योगी वाटणारा नत्रवायूही कामाचा आहे. तो रक्तात फारसा शोषला जात नाही, म्हणून फुप्फुसातल्या बारीक पिशव्यांना आतून टेकू देतो. शुद्ध प्राणवायू घेऊन विमानाने जोराची वळणे मारली तर त्यांतल्या काही मिटतात, आणि वैमानिक उतरल्यावर खोकत बसतो.

पूर्वी हा प्राणवायू नळकांड्यांतून नेत. आता बऱ्याच विमानांत तो तेथेच तयार होतो. इंजिनातली दाबलेली हवा झिओलाइट नावाच्या खनिजातून सोडली की नत्रवायू अडकतो नि प्राणवायू पुढे जातो. यंत्रात कारखान्यात केलेले झिओलाइट वापरतात. परंतु त्याचे नैसर्गिक भाईबंद आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत पांढऱ्या स्फटिकांच्या रूपाने सापडतात. बंगळूरच्या संरक्षण प्रयोगशाळेने ‘तेजस’ विमानासाठी ही युक्ती बसवली. २०२१ साली कोरोनाची दुसरी लाट आली, तेव्हा त्याच तंत्राने मिनिटाला १,००० लिटर प्राणवायू देणारी यंत्रे इस्पितळांसाठी बांधली गेली.