घर सांभाळून जर्मन: वेळ कुठून आणायचा?

परकी भाषा ऑनलाइन शिकायची म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो वेळेचा. सकाळी डबे, दुपारी ऑफिस, संध्याकाळी मुलांचा अभ्यास. मग भाषा शिकायची कधी?

उदाहरण जर्मनचं घेऊ. नवरा नोकरीसाठी जर्मनीत आहे, बायको-मुलं इकडे पुण्यात. २००७ पासून, काही अपवाद सोडले तर, जोडीदाराला तिकडे राहायला जाण्याच्या व्हिसासाठी ए-वन पातळीचा दाखला लागतो. म्हणजे इथे नुसती हौस नाही. परीक्षा राहिली की घर एकत्र येणं लांबतं. आपल्याकडे मॅक्सम्युलर भवनात ही परीक्षा होते. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं असे तिचे चार भाग; १०० पैकी ६० गुण मिळवावे लागतात.

आता आपण काय करतो? आठवडाभर काहीच नाही आणि रविवारी सलग तीन तास. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली ते छापले. त्याला दिसलं ते असं: पाठ केलेलं बरंचसं पहिल्या काही तासांतच निसटतं, पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. आणि तीच उजळणी एका दमात उरकण्यापेक्षा दिवसांवर वाटली तर कमी श्रमात पाठ होतं. म्हणजे रोजची वीस मिनिटं ही काही नाइलाजाची तडजोड नाही, तीच चांगली पद्धत आहे.

पण कुठली वीस मिनिटं? इथे एक भेद करू. कुकरच्या शिट्ट्या मोजताना कानात धडा लावला, तर उजळणी होते. नवीन काही शिरत नाही. नवीन शिकायला डोकं मोकळं लागतं. म्हणून नवा धडा पहाटे किंवा मुलं झोपल्यावर, आणि जुना धडा भाजी चिरताना.

मराठी माणसाला एक फायदाही आहे. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत. आपल्याकडे तो, ती, ते आहेतच. स्वयंपाकघरातच बघा: चमचा 'डेअर', काटा 'डी', सुरी 'डास'. मात्र आपलं लिंग तिथे लावायचं नाही. आपली सुरी स्त्रीलिंगी, त्यांची नपुंसकलिंगी. तेव्हा शब्द पाठ करताना त्याचं 'डेअर-डी-डास' सोबतच पाठ करायचं, नुसता शब्द नाही.

राहिलं बोलणं. मोबाइलवरच्या ॲपमध्ये चुकलो तरी लाज वाटत नाही, आणि तिथेच गोम आहे. परीक्षेत समोर माणूस असतो. त्यामुळे आठवड्यातून दोनदा तरी जिवंत माणसाशी बोलायला हवं. तिकडे असलेल्या नवऱ्याशी रोज फोन होतोच ना? त्यातली पहिली पाच मिनिटं जर्मनमध्ये. काय खाल्लं, किती वाजले, मुलं कुठे आहेत, एवढंच.

आणि शेवटचं, घरातल्यांसाठी. "आईचा क्लास चालू आहे" हे वाक्य घरात ऑफिसच्या मीटिंगइतकंच मानलं गेलं पाहिजे. त्या वीस मिनिटांत दूध उतू जाणार असेल तर गॅस दुसऱ्या कुणीतरी बंद करावा. आपण वेळापत्रक कितीही छान आखलं तरी ते टिकतं ते यावरच.