फॉर्मवरची एक ओळ

दुपारी साडेतीनच्या सुमारास ब्रॉन्कोस्कोपीच्या खोलीतून डबी आली. आत फेसाळ, किंचित गुलाबी पाणी. दुर्बिणीतून फुप्फुसात सलाइन सोडून परत ओढून घेतलेलं. लॅबमध्ये आम्ही त्याला ‘बॅल’ म्हणतो. डबीच्या आधी मी फॉर्म वाचते. आज त्यावर लिहिलं होतं: रक्ताचा कर्करोग, केमो चालू, पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीत, सहा दिवस ताप, अँटिबायोटिकला दाद नाही, बुरशी पाहावी. एवढी एक ओळ नसती, तर हा नमुना नेहमीच्या जंतूंच्या कल्चरला गेला असता आणि दोन दिवसांनी ‘वाढ नाही’ असा रिपोर्ट निघाला असता.

बुरशी आपल्या सगळ्यांच्याच श्वासात असते. पावसाळ्यात चपलांवर, भिंतीवर, शिळ्या भाकरीवर चढते तिचीच ही भावंडं. ॲस्परजिलस फ्युमिगेटसचे बीजाणू जेमतेम 2 ते 3 मायक्रॉनचे, थेट वायुकोशात उतरतील इतके बारीक. धडधाकट माणसाच्या फुप्फुसातल्या पेशी ते रोजच्या रोज गिळून टाकतात. केमोने, स्टेरॉइडच्या मोठ्या डोसांनी किंवा किडनी बदलल्यावरच्या औषधांनी ही राखण उठली, की बीजाणू रुजतो. तंतू फुटतात, रक्तवाहिन्यांत घुसतात. सीटी स्कॅनमध्ये गाठीभोवती जे धुरकट वलय दिसतं, ते त्या रक्तस्रावाचं. पांढऱ्या पेशीच नसल्या की पू होत नाही, कफही फारसा पडत नाही आणि साधा एक्स-रे सुरुवातीला निर्मळ दिसू शकतो.

थोडं बॅल गॅलेक्टोमॅनन चाचणीसाठी बाजूला काढलं. ॲस्परजिलसच्या भिंतीतून सुटणारी ती साखर. उरलेलं सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं आणि तळाशी बसलेल्या गाळाचा थेंब स्लाइडवर घेतला. त्यावर केओएच आणि कॅल्कोफ्लोर. केओएचने पेशी नि चिकट कफ विरघळतो, बुरशीची भिंत टिकते. कॅल्कोफ्लोर त्या भिंतीला धरतं आणि अतिनील प्रकाशात चमकतं. दहा मिनिटं थांबायचं, मग खोलीतला दिवा मालवून मायक्रोस्कोपला डोळे लावायचे.

बराच वेळ नुसता काळोख सरकत राहिला. मग एक निळसर पांढरी रेघ चमकली. शिकाऊ डॉक्टर मुलगी उत्साहाने पुढे झाली, पण ती रेघ कापसाच्या धाग्याची होती. कापूसही कॅल्कोफ्लोरने असाच उजळतो. धाग्याला फांदी फुटत नाही, एवढं तिला दाखवलं आणि पुढे सरकलो. आणखी सतरा-अठरा फील्डनंतर खरा तंतू सापडला. उसासारखी पेरं पडलेला, सारख्या जाडीचा, सुमारे 45 अंशांत दुभंगलेला. म्युकर या दुसऱ्या बुरशीचा असता तर तो रुंद, मुडपलेल्या भिजक्या नाडीसारखा दिसला असता, पेरं अगदी विरळ आणि फांदी काटकोनाकडे झुकलेली.

हा फरक रुग्णाच्या जिवाचा आहे. ॲस्परजिलसवर पहिलं औषध व्होरिकोनाझोल, म्युकरवर ते चालतच नाही. तिथे ॲम्फोटेरिसिन लागतं. गॅलेक्टोमॅनन चाचणीतही म्युकर दिसत नाही. 2021 साली कोविडनंतर म्युकरची लाट आली, तेव्हा सायनसचे तुकडे एकामागून एक येत होते. ते वाटायचे नाहीत, बारीक कापायचे, कारण वाटले की नाजूक तंतू मरतात आणि कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. त्या उन्हाळ्यात हे वळण हाताला कायमचं लागलं.

टाइप केलेल्या रिपोर्टची वाट न पाहता मी वॉर्डला फोन केला. आमच्या भाषेत हे निदान ‘संभाव्य’. ‘सिद्ध’ म्हणायला फुप्फुसाच्या तुकड्यात तंतू दिसावा लागतो आणि प्लेटलेट इतक्या कमी असताना सुई टोचायला कुणी धजावत नाही. संभाव्यवरच उपचार सुरू करावे लागतात आणि करावेतच. तिसऱ्या दिवशी बुरशीसाठी लावलेल्या सबुरो माध्यमावर धुरकट निळीहिरवी मखमल उगवली. पण नुसत्या वाढीवर मी कधी विसंबत नाही. हवेतला बीजाणूही प्लेटवर पडतो. म्हणून स्लाइडवरचा तो तंतू मोलाचा.

मनाला लागून राहिलेलं एक प्रकरण सांगते. किडनी बदललेला एक रुग्ण दुसरीकडून आमच्याकडे आला होता. छातीत सावली दिसली म्हणून सहा आठवडे टीबीची औषधं चालू होती. कफात टीबीचा जंतू एकदाही सापडला नव्हता, बुरशी मात्र कुणी शोधलीच नव्हती. आम्हाला ॲस्परजिलस मिळाला, पण टीबीच्या औषधांतलं रिफॅम्पिसिन व्होरिकोनाझोलला रक्तात टिकू देत नाही आणि बंद केल्यावरही त्याचा परिणाम दोनेक आठवडे राहतो. दुसऱ्या औषधाने वाट काढावी लागली. टीबीच्या देशात सावली म्हणजे टीबी, ही सवय समजू शकते. तपासल्याशिवाय चालू ठेवणं समजू शकत नाही.

तुमच्या घरात कुणी केमोवर, स्टेरॉइडवर किंवा प्रत्यारोपणानंतरच्या औषधांवर असेल आणि ताप हटत नसेल, तर कफ किंवा बॅल देताना औषधांची पूर्ण यादी सोबत द्या. आणि फॉर्मवर ‘बुरशीसाठी तपासा’ असं लिहिलंय का, ते डॉक्टरांना विचारा.