एसडीजी ६ म्हणजे रामकुंडात नेमकं काय मोजायचं?

सिनॉप्सिसच्या शेवटी ‘हे संशोधन एसडीजी ६ ला हातभार लावेल’ असं एक वाक्य टाकायची आता पद्धतच पडली आहे. आरआरसीमध्ये कोणी ‘कसा?’ असं विचारलं, की मात्र पंचाईत होते. म्हणून आज आपल्या पंचवटीतलं रामकुंड घेऊन बघू.

२५ सप्टेंबर २०१५ ला न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्य देशांनी शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं स्वीकारली. (योगायोग बघा, त्याच दिवशी त्र्यंबकेश्वरला सिंहस्थाचं तिसरं शाही स्नान होतं!) या उद्दिष्टांखाली १६९ लक्ष्यं आहेत आणि प्रत्येक लक्ष्याखाली निर्देशक, म्हणजे प्रत्यक्ष मोजायची गोष्ट. तुमचं काम चालतं ते या शेवटच्या पायरीवर. लक्ष्य ६.३ सांगतं की २०३० पर्यंत पाण्याची गुणवत्ता सुधारा आणि प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्याचं प्रमाण निम्म्यावर आणा. त्याखालचा निर्देशक ६.३.२ विचारतो, किती जलसाठ्यांचं पाणी ‘चांगलं’ आहे?

आता ‘चांगलं’ म्हणजे काय? पहिल्या स्तरावर नदीसाठी पाच गोष्टी बघतात: ऑक्सिजन, क्षारता, नायट्रोजन, फॉस्फरस आणि आम्लता. ८० टक्के मोजमापं ठरवलेल्या मर्यादेत बसली की पाणी चांगलं. कुठल्याही देशाला साध्या साधनांनी मोजता यावं म्हणून ही यादी मुद्दाम छोटी ठेवली आहे, ते समजण्यासारखं आहे. पण या यादीत विष्ठाजन्य कोलिफॉर्म नाहीत. आणि रामकुंडावर लोक काय करतात? डुबकी मारतात, तीर्थ म्हणून ओंजळभर तोंडात घेतात.

आपल्याकडचे स्नानाच्या पाण्याचे निकष वेगळे आहेत. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्रॅम, बीओडी जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम, सामू ६.५ ते ८.५ आणि १०० मिलिलिटरमध्ये विष्ठाजन्य कोलिफॉर्म ५०० पर्यंत असावेत, कमाल २५०० चालतील. समजा तुमच्या नमुन्यात ऑक्सिजन ६ आला, सामू ७.६, नायट्रोजन-फॉस्फरसही मर्यादेत, पण कोलिफॉर्म १०,०००. जागतिक तक्त्यात हा नमुना पास. त्याच पाण्यात आजीचं बोट धरून उतरलेल्या पोराचं काय, ते तक्ता सांगत नाही. १९९२ च्या रिओ जाहीरनाम्याचं पहिलंच तत्त्व शाश्वत विकासाच्या केंद्रस्थानी माणूस ठेवतं. माझ्या मते इथे तो केंद्रातून निसटतो.

वेळेचाही घोळ आहे. पाण्यात शेवाळ असेल तर दिवसभर प्रकाशसंश्लेषण होऊन दुपारी ऑक्सिजन भरपूर दिसतो, रात्रभर श्वसनात तो खर्च होतो आणि पहाटे सगळ्यात कमी असतो. आपण नमुना घेतो सकाळी अकरानंतर, बस मिळेल तसं. लोक स्नान करतात पहाटे! वर गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं असेल तर प्रदूषण पातळ होऊन आकडे आणखीच बरे येतात. म्हणून नमुन्याशेजारी वेळ आणि विसर्ग लिहिलाच पाहिजे.

जागा निवडतानाही पूर्ण पट्ट्याची सरासरी काढायच्या मोहात पडू नका. माणसाचा पाण्याशी संबंध येतो तिथे बाटली बुडवा: रामकुंड, कपडे धुतात तो घाट, वाघाडी नाला मिळतो तिथे वर आणि खाली, तपोवनातल्या मलनिस्सारण केंद्राच्या खालच्या बाजूला. कुठे कोण उतरतं हे घाटावरच्या लोकांना विचारा. लक्ष्य ६.ब स्थानिकांच्या सहभागाबद्दलच आहे, म्हणजे ही विचारपूससुद्धा तुमच्या पद्धतीचा भाग म्हणून लिहिता येते.

मग सिनॉप्सिसमध्ये ‘एसडीजी ६’ ऐवजी लिहा: निर्देशक ६.३.२ चे पाच घटक, सोबत बीओडी आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म, पहाटे आणि दुपारी. २०२७ च्या सिंहस्थाचे आकडे वापरणार असाल, तर त्याआधीच्या उन्हाळ्यातले, आवर्तन सुटलेलं नसतानाचे नमुने तुलनेला लागतील. आणि कोलिफॉर्मची बाटली निर्जंतुकच हवी, बर्फाच्या पेटीतून त्याच दिवशी लॅबमध्ये पोचवा.