लोण : मैदानातलं, मिठातलं आणि लोणारचं

कबड्डीच्या मैदानावर समोरच्या संघाचे सातही गडी बाद झाले की प्रेक्षकांतून एकच आरोळी उठते, 'लोण!' बाद करणाऱ्या संघाला वरचे २ गुण मिळतात आणि बाद झालेले सगळे पुन्हा मैदानात येतात. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात खेळाच्या पानावर 'मध्यंतरापूर्वीच दोन लोण' असं छापून येतं. पहिल्या पानावर त्याच दिवशी 'संपाचे लोण ग्रामीण भागात' असा मथळाही असू शकतो. एकीकडे लोण चढतं, दुसरीकडे ते पसरतं. घरात तान्ह्या बाळावरून लिंबलोण उतरतं. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात तर लोण गावाच्या नावातच जाऊन बसलं आहे, लोणार म्हणून.

ही सगळी लोणं एकाच घरची आहेत का? बहुतेक आहेत. काहींचा मात्र सोयरसंबंध नाही, फक्त तोंडवळा सारखा आहे.

मूळ शब्द संस्कृत 'लवण', म्हणजे मीठ. लवणाचं प्राकृतात लोण झालं आणि तेच मराठीत आलं. पण मराठी स्वयंपाकघरात आज लोण कोणी मागत नाही, सगळे मीठ मागतात. 'मीठ' हा शब्द 'मिष्ट' किंवा 'मृष्ट'वरून आलेला, म्हणजे मुळात गोड, रुचकर. खारट वस्तूला आपण गोड म्हणून हाक मारतो. गुजरातीतही तेच झालं, तिथे 'मीठुं'. जेवणाला जी चव आणते ती गोडच, असा तो हिशेब असावा. या गोड नावाने लोणाला चुलीपुढून उठवलं. शब्द एकदा घरातून उठला की बहुधा संपतो. लोण संपलं नाही. ते अंगणात गेलं, पोरांच्या खेळात शिरलं, म्हाताऱ्यांच्या ओवाळणीत राहिलं, गावांच्या नावात मुरलं. मला या शब्दाचं अप्रूप वाटतं ते यासाठी.

स्वयंपाकघरात त्याच्या खुणा तेवढ्या उरल्या. लोणचं हे लवणाचंच लेकरू. मीठ नसलेली भाजी 'अळणी', म्हणजे 'अलवण'. पावसाळ्यात बांधावर उगवणाऱ्या घोळाच्या भाजीला संस्कृतात 'लोणिका' म्हणतात, कारण पानाला उपजतच खारट-आंबट चव असते. तिचीच धाकटी बहीण आमच्या वऱ्हाडातली चिवळ. लसणाची फोडणी दिलेली चिवळीची भाजी आणि ज्वारीची भाकर ज्याने खाल्ली आहे त्याला या चवीबद्दल वेगळं सांगायला नको. आणि ज्याला आपण 'लावण्य' म्हणतो तेही लवणापासूनच. रूप नुसतं गोरंगोमटं असून भागत नाही, त्यात चव लागते, हे आपल्या पूर्वजांनी शब्दातच सांगून ठेवलं. हिंदीतला 'सलोना' म्हणजे 'सलवण', मीठ असलेला. चरकसंहितेने सैंधव, सौवर्चल, विड, औद्भिद आणि सामुद्र अशी पाच लवणं मोजली आहेत. समुद्राचं, खाणीचं, जमिनीतून फुटून वर येणारं, अशी त्यांची कुळं वेगवेगळी. त्यामुळे लवण या शब्दाचा पैस ताटातल्या मिठाएवढाच कधी नव्हता.

'लोणी' मात्र या घरातलं नाही. ते 'नवनीत'चं बदललेलं रूप. नवनीतातला 'न' पुढे 'ल' झाला आणि लोणी लोणच्याच्या शेजारी येऊन बसलं. मेहकर तालुक्यात लोणी गवळी नावाचं गाव आहे. तिथे गवळी आणि लोणी एकाच नावात शेजारी आहेत, आणि लोणारही एकेकाळी याच मेहकर तालुक्यात होतं.

आता खेळाकडे येऊ, कारण या शब्दाची खरी मौज तिथे आहे. कबड्डीआधी हुतूतू होता, पण लोण अधिक शोभतं ते आट्यापाट्यांत. नऊ आडव्या पाट्या, मधोमध त्यांना छेदणारी उभी सूरपाटी. पाटीवर एकेक गडी उभा राहून वाट अडवतो. धावणाऱ्याने हुलकावणी देत, कपाळपाटीपासून एकेक पाटी फोडत शेवटच्या पाटीपलीकडे जायचं आणि तिथून पुन्हा सगळ्या पाट्या फोडत परत यायचं. तो आला की लोण झालं. आमच्या खेड्यापाड्यांत पोरं शेवटच्या पाटीपलीकडची माती मुठीत घेत आणि परत येताना ती मूठ घट्ट मिटून धरत. माती आणली म्हणजे लोण आणलं. या खेळाला 'लोणपाट' असंही नाव आहे. गुजरातेत हाच खेळ 'खारोपाट' म्हणून ओळखला जातो. नावात तिकडेही खारच आहे. मिठाची चिमूट अडवणाऱ्यांच्या रांगेतून सुखरूप पार करायची, हा या खेळाचा प्राण मला त्या दोन नावांत दिसतो.

इथेच वर्तमानपत्रातल्या 'लोण पसरणे'चा उलगडा होतो. एका टोकाचं लोण पाट्या ओलांडत दुसऱ्या टोकाला पोहोचवायचं, यावरून 'लोण पोहोचवणे' हा वाक्प्रचार आला. एखादी चळवळ, बंड, साथ किंवा नवी रीत एका गावाहून दुसऱ्या गावी गेली की तिचं लोण पोहोचलं असं म्हणू लागले. 'पोहोचणे'चं पुढे 'पसरणे' झालं. आज संपाच्या बातमीत हा शब्द लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वणवा असतो किंवा पाणी असतं. मुळात तिथे धापा टाकणारं, घामाघूम झालेलं पोरगं आहे. हा अर्थ आठवला की तीच बातमी वेगळी वाचता येते, कारण लोण आपोआप पसरत नाही. कोणीतरी अडवणाऱ्यांना चुकवून ते न्यावं लागतं.

कबड्डीने लोण देशभर नेलं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातल्या संस्थांनी हुतूतूचे नियम बांधले, तेव्हा हा शब्द नियमांत गेला आणि पुढे अखिल भारतीय नियमावलीत 'लोना' म्हणून राहिला. १९९०च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा मान मिळाला, तेव्हा लवणाचं हे मराठमोळं रूप चीनच्या मैदानावर पोहोचलेलं होतं. २०१४पासून दूरचित्रवाणीवर गाजणाऱ्या प्रो कबड्डीत समालोचक 'ऑल आऊट' म्हणतात. गावच्या मैदानावरचा पंच अजून लोणच म्हणतो, आणि त्याने ते म्हणत राहावं असं मला मनापासून वाटतं.

आता लोणार. बेसॉल्टच्या कातळात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाची, जवळजवळ गोल द्रोणी; तिच्या तळाशी हिरवट, खारं पाणी. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने इथे भेट दिली आणि युरोपीय अभ्यासकांचं लक्ष वळलं. पुढचं दीडशतक हा ज्वालामुखीचा खड्डा की अशनीचा आघात, असा वाद चालला. १९७० च्या दशकात तळाच्या खडकात आघातानेच तयार होणारं काचेसारखं द्रव्य सापडलं आणि वाद मिटला. वयाचा प्रश्न त्यानंतरही चर्चेत राहिला. आधीच्या मोजणीने सुमारे ५२ हजार वर्षं सांगितली. नंतरच्या आरगॉन पद्धतीने ती सुमारे ५ लाख ७० हजारांवर नेली.

पाणी खारं का, याचं उत्तर सोपं आहे. द्रोणीत झरे येतात, पावसाचं पाणी येतं, बाहेर जायला मात्र वाट नाही. पाणी उन्हाने उडतं आणि क्षार मागे राहतात. त्यांत साधं मीठ आहे आणि सोडाही आहे, म्हणून पाणी नुसतं खारट नाही, साबणासारखं बुळबुळीतही लागतं. जून २०२० मध्ये पाणी घटलं, क्षारता वाढली आणि सरोवर एकाएकी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. मिठातच फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला.

विज्ञानाच्या कितीतरी आधी लोकांनी आपला उलगडा करून ठेवला होता. इथे लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली दडून राही. विष्णूने त्याच्या बिळावरचं झाकण पायाच्या अंगठ्याने उडवलं आणि त्याला मारलं. झाकण दूर धाकेफळजवळ जाऊन पडलं आणि त्याची टेकडी झाली. दैत्याच्या रक्ताचं पाणी झालं, मांसाचं मीठ. गावातलं दैत्यसूदनाचं कोरीव मंदिर या कथेचं घर आहे. वरून काहीतरी प्रचंड बळाने आलं आणि जमीन फोडून गेलं, एवढं या कथेने नेमकं हेरलं होतं, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

आणि मग धंदा. अकबराच्या काळच्या 'आईन-इ-अकबरी'त मेहकर सरकारातल्या लोणारचा उल्लेख आहे. काच आणि साबण करायला लागणारं सगळं इथे मिळतं, असं त्यात नोंदवलं आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठाला क्षाराचे थर उघडे पडत आणि मजूर ते गोळा करत. एकाच तळ्यातल्या मालाला लोकांनी वेगवेगळी नावं दिली होती: डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. कोणता बांगड्यांच्या काचेला, कोणता साबणाला, कोणता रंगाऱ्याला हे माल हाताळणारे ओळखत. पापडखार म्हणूनही इथला क्षार बाजारात जाई. खनिजशास्त्राच्या पुस्तकात सोडियमची जी संयुगं सूत्रांनी लिहिली जातात, ती इथल्या मजुराने नजरेने आणि जिभेने वेगळी केली होती. ही नावं आता जुन्या गॅझेटियरांत आणि भूगर्भशास्त्रीय अहवालांतच भेटतात.

सरोवराच्या काठी, कमळजा देवीजवळ, सासू-सुनेची विहीर सांगतात. एकाच विहिरीत एका अंगाला गोडं पाणी, दुसऱ्या अंगाला खारं. वर कड्यावर मात्र धारेचं गोडं पाणी गोमुखातून बारमाही पडतं.

लोणारचं एक नामसाम्य थेट मंगळावर आहे. मंगळावरच्या लहान विवरांना पृथ्वीवरच्या एक लाखाहून कमी वस्तीच्या गावांची नावं देण्याचा आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचा प्रघात आहे, आणि त्या यादीत लोणारही आहे. राजस्थानात अजमेरजवळच्या डोंगरांत उगम पावून कच्छच्या रणात विरणारी लूणी नदी ही त्याच लवणाच्या नात्यातली. आपल्याकडे मीठ, चुना, कोळसा यांच्या धंद्यावरून लोणारी समाजाला नाव मिळालं. मातीच्या जुन्या भिंतीला पांढरा फुलोरा येऊन पोपडे पडू लागले की भिंतीला 'लोणा' लागला म्हणतात, तोही हाच.

लिंबलोणाचं वेगळं सांगायला हवं. लिंब म्हणजे कडुलिंब. कडुलिंबाचा पाला आणि मीठ घेऊन बाळावरून, बाळंतिणीवरून, नवरा-नवरीवरून ओवाळून टाकायचं, की दृष्ट उतरली. आता बहुतेक घरांत मीठ-मोहऱ्या किंवा मीठ-मिरच्या ओवाळतात, पाला गळाला. पण एखादी आजी अजून 'लिंबलोण उतरवू दे' म्हणते. स्वयंपाकघरात हद्दपार झालेला शब्द मायेच्या कामाला मात्र लोकांनी जपून ठेवला.

आमच्या वऱ्हाडी बोलीत 'ण'चा 'न' होतो. पाणी नाही, पानी. लोणचं नाही, लोनचं. लोणारही लोनार. त्यामुळे मिठाचं लोण आणि बँकेचं लोन आमच्या तोंडात अगदी एक होतात. कापूस-सोयाबीनच्या या पट्ट्यात जून लागला की दुसऱ्या लोनचीच चर्चा पारावर असते. पेरणी, बियाणं, लोन. शब्दांचा हा योगायोग आहे, पण ज्या शेतकऱ्याच्या जमिनीतही खार आहे आणि सातबाऱ्यावरही बोजा आहे त्याला तो नुसता योगायोग वाटत नाही.

कारण जिल्ह्याच्या उत्तरेकडे, पूर्णेच्या खोऱ्यात, लोण जमिनीखालीच आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाण्याच्या काही तालुक्यांतून गेलेला हा खारपाणपट्टा. आमच्या जिल्ह्यात शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूरकडे तो भेटतो. विहीर खणली, बोअर घेतली की पाणी लागतं, पण खारं. काळी जमीन खोल आणि चिकट, पाण्याचा निचरा होत नाही, आणि असं पाणी पिकाला दिलं की माती आणखी घट्ट बसते. म्हणून इथली शेती पावसाच्या भरवशावर चालते. लोणारचं खारं पाणी पाहायला जगभरातून लोक येतात. इथलं खारं पाणी पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी प्यायलं. मूत्रपिंडाच्या आजाराने गेलेली माणसं गावागावांत मोजली जातात. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतल्या १४० गावांसाठी वान धरणातून पाण्याची योजना झाली ती यासाठीच. सातपुड्यातून येणारं ते गोडं पाणी ज्या दिवशी नळाला येतं त्या दिवशी बाया आधी पिण्याचे हंडे भरतात. धुण्याभांड्याला बोअरचं खारं पाणी चालवून घेतात.