सायकलीची चोरी आणि तिची परतप्राप्ती : धंतोली परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

सायकल चोरीला जाणे ही घटना आपल्या समाजात सहसा गंभीर मानली जात नाही. मोटारसायकल गेली तर घरात रडारड होते, शेजारीपाजारी धावून येतात. सायकल गेली तर ‘जाऊ द्या, दुसरी घेऊ’ असे म्हटले जाते. हे म्हणणारा बहुधा तो असतो, ज्याला दुसरी घेणे शक्य आहे. ज्याचा रोजगारच सायकलीवर अवलंबून आहे त्याच्या दृष्टीने या चोरीचा अर्थ वेगळा असतो, हे इटालियन दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिका यांनी १९४८ साली ‘बायसिकल थीव्ज’ या चित्रपटातून जगाला दाखविले. भित्तिपत्रके चिकटविण्याचे काम मिळालेल्या नायकाची सायकल कामाच्या पहिल्याच दिवशी चोरीस जाते. तो पोलीस ठाण्यात जातो, तक्रार नोंदविली जाते आणि शोध मात्र त्याने स्वतःच घ्यावा असे त्याला सुचविले जाते. पाऊणशे वर्षांपूर्वीच्या रोममधील हा प्रसंग आजच्या भारतीय कायद्याच्या चौकटीत अनोळखी वाटत नाही. तो तसा का वाटत नाही आणि चोरीस गेलेली सायकल काही वेळा परत कशी मिळते, याचा विचार प्रस्तुत लेखात नागपुरातील धंतोली परिसर डोळ्यांसमोर ठेवून केला आहे.

धंतोली : परिसराचे स्वरूप

पश्चिमेस वर्धा मार्ग, पूर्वेस रेल्वेमार्ग आणि उत्तरेस सीताबर्डीची बाजारपेठ यांच्या मध्ये वसलेली धंतोली ही नागपुरातील जुनी, मध्यमवर्गीय वस्ती होय. १९२८ साली स्थापन झालेला रामकृष्ण मठ, टिळक पत्रकार भवन, यशवंत स्टेडियम, धंतोली उद्यान ही तिची परिचित स्थळे. गेल्या काही दशकांत मात्र या वस्तीचे रूप पालटले आहे. बंगल्यांच्या जागी रुग्णालये, निदान केंद्रे आणि औषधांची दुकाने उभी राहिली. वाहने उभी करण्याचा प्रश्न इतका बिकट झाला, की येथील नागरिकांना मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचे दार ठोठवावे लागले.

वाहनतळाच्या या वादात चर्चा झाली ती मुख्यतः मोटारींची. सायकलीचा विचार कोणी फारसा केला नाही, कारण ती कुठेही मावते. पण कुठेही मावणारी वस्तू कुठूनही उचलताही येते. रुग्णालयात पाळीने काम करणारे कक्षसेवक व सफाई कामगार, रात्रीचे चौकीदार, पहाटे वृत्तपत्रे टाकणारी मुले, शिकवणी वर्गाचे विद्यार्थी हा येथील सायकलस्वारांचा वर्ग. यांच्या सायकली आठ-आठ, बारा-बारा तास भिंतीला टेकून उभ्या असतात. दिवसभर अनोळखी माणसांची ये-जा असल्याने कोण आपली सायकल नेत आहे आणि कोण दुसऱ्याची, हे पाहणाऱ्याला कळत नाही. मागील चाकाला कुलूप असले तरी चाक उचलून सायकल ढकलत नेणारा मनुष्य ‘किल्ली हरवली असेल बिचाऱ्याची’ म्हणून सहानुभूतीच मिळवून जातो.

पाच हजार रुपयांची रेषा

१८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७८ मध्ये चोरीची व्याख्या व कलम ३७९ मध्ये तिची शिक्षा दिली होती. वस्तू सुईएवढी असो वा सोन्याची, साधी चोरी हा दखलपात्र गुन्हा होता. म्हणजे पोलिसांनी प्रथम खबर नोंदवून न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाची वाट न पाहता तपास करणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात तक्रार घेण्यास टाळाटाळ होत असे हा सार्वत्रिक अनुभव आहे, परंतु कायदा तक्रारदाराच्या बाजूने होता.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, २०२३ लागू झाली. तिच्या कलम ३०३(२) मध्ये चोरीसाठी तीन वर्षांपर्यंतचा कारावास, दंड किंवा दोन्ही ही शिक्षा कायम आहे. दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्यास किमान एक व कमाल पाच वर्षांचा सश्रम कारावास व दंड आहे. या पोटकलमाला एक परंतुक जोडलेले आहे. चोरीच्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर त्याला सामुदायिक सेवेची शिक्षा द्यावी असे त्यात म्हटले आहे. भुकेपोटी किंवा अविचाराने पहिली चूक करणाऱ्याला तुरुंगात न धाडता सुधारण्याची संधी द्यावी, हा हेतू स्तुत्यच आहे.

अडचण परंतुकात नसून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ५,००० रुपयांहून कमी किमतीच्या मालाची चोरी तेथे अदखलपात्र व जामीनपात्र ठरविली आहे. वास्तविक आरोपी प्रथमच दोषी ठरतो आहे की नाही, त्याने वस्तू परत केली की नाही, या गोष्टी खटल्याच्या अखेरीस ठरावयाच्या. तक्रारीच्या वेळी तर चोर कोण हेच माहीत नसते. तरीही त्या क्षणी केवळ किंमत पाहून गुन्ह्याचा वर्ग ठरतो. अदखलपात्र गुन्ह्याच्या बाबतीत कलम १७४ नुसार पोलीस अधिकारी खबरेचा सारांश नोंदवहीत लिहितो व तक्रारदाराला न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाण्यास सांगतो; दंडाधिकाऱ्याच्या आदेशाविना तपास करता येत नाही. अशा प्रकरणांचा दैनंदिनी अहवाल दर पंधरवड्यास दंडाधिकाऱ्याकडे पाठविण्याची तरतूद नव्याने आली आहे, ती तेवढी उपयुक्त होय.

ही रेषा सायकलीच्या बाबतीत नेमकी कोठून जाते? गिअरची, वीस-पंचवीस हजारांची सायकल रेषेच्या वर राहते. साधी काळी सायकल नवी असताना कदाचित रेषेला स्पर्श करील, पण दोन-तीन पावसाळे पाहिलेली सायकल निश्चितपणे खाली येते. हौसेने पहाटे सायकल चालविणाऱ्याच्या वाहनाचा शोध पोलीस आपणहून घेतील आणि रात्रपाळी करून घरी निघालेल्या कक्षसेवकाच्या वाहनाचा शोध त्याने स्वतः घ्यावा, असा याचा व्यावहारिक अर्थ होतो. दहा हजार मासिक मिळकत असणाऱ्याचे चार हजार आणि लाखभर मिळविणाऱ्याचे चाळीस हजार यांची तुलना केली, तर पहिल्याचे नुकसान लहान कसे म्हणावे? कायद्याने किमतीऐवजी उपजीविकेचे साधन ही कसोटी लावली असती तर ते अधिक न्याय्य झाले असते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

रेषेच्या पलीकडील वाटा

तथापि, तक्रारदार पूर्णपणे निराधार आहे असे नाही. चोरी कोठून झाली हा पहिला महत्त्वाचा प्रश्न होय. मानवी निवासासाठी किंवा मालमत्तेच्या जपणुकीसाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतून झालेली चोरी न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये येते. तिला सात वर्षांपर्यंतचा कारावास आहे आणि किमतीची कोणतीही अट नाही. म्हणून सायकल रस्त्यावरून गेली की इमारतीच्या आतून, जिन्याखालून गेली, हे तक्रारीत स्पष्ट लिहिणे अगत्याचे आहे. ‘घरासमोरून गेली’ असे मोघम लिहून अनेक जण हा आधार स्वतःच गमावतात.

दुसरी वाट चोरीचा माल घेणाऱ्याकडून जाते. चोरीची सायकल जाणूनबुजून विकत घेणे हा कलम ३१७(२) खालील गुन्हा असून तो दखलपात्र आहे. तेथे पाच हजारांची मर्यादा नाही. तीन हजारांची सायकल चोरणारा अदखलपात्र आणि तीच सायकल कबाडीच्या दुकानात जाणूनबुजून ठेवून घेणारा दखलपात्र, हा विरोधाभास मौजेचा खरा, पण तक्रारदाराच्या फायद्याचा आहे. एका प्रकरणात अनेक गुन्हे असून त्यांपैकी एक जरी दखलपात्र असेल, तरी संपूर्ण प्रकरण दखलपात्र समजावे असे कलम १७४(४) सांगते. सायकल कोणाकडे विक्रीस आल्याचे दिसले, तर तक्रारीत त्याचा उल्लेख अवश्य करावा. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२४ नुसार, चोरीचा असल्याचा रास्त संशय असलेला माल बाळगणाऱ्याने त्याचा समाधानकारक खुलासा दिला नाही तर तोही शिक्षेस पात्र ठरतो.

कोणी सायकल नेऊन, काम भागल्यावर दोन चौक पलीकडे सोडून देतो. ‘मी परत ठेवणारच होतो’ हा त्याचा बचाव टिकत नाही. के. एन. मेहरा विरुद्ध राजस्थान राज्य या १९५७ च्या खटल्यात, संमतीविना तात्पुरती नेलेली वस्तूही चोरीच ठरू शकते असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. त्या खटल्यातील वस्तू विमान होती. अशा सोडून दिलेल्या सायकली जवळपासच सापडतात. म्हणून पहिल्या दोन दिवसांत आजूबाजूच्या गल्ल्या पायी फिरून पाहणे हा उपाय बाळबोध वाटला तरी फलदायी आहे.

ओळखीचा प्रश्न

सायकल सापडणे आणि ती आपली आहे हे सिद्ध होणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. २०१८ साली प्रदर्शित झालेल्या, प्रकाश कुंटे दिग्दर्शित ‘सायकल’ या मराठी चित्रपटात कोकणातील एका ज्योतिषाची सायकल दोन चोर पळवितात; पण ती गावोगाव इतकी परिचित असते, की चोर जेथे जातील तेथे लोक ती सायकल ओळखतात. तेथे वस्तूची ओळख समाजाच्या स्मरणात साठविलेली आहे. धंतोलीसारख्या वस्तीत, जेथे रस्त्यावरील निम्मी माणसे बाहेरगावाहून रुग्णाला घेऊन आलेली असतात, तेथे हे स्मरण उपलब्ध नाही. त्याची जागा क्रमांकाने घ्यावी लागते.

असा क्रमांक बहुतेक सायकलींवर असतोच. आसनाखालच्या उभ्या नळीवर, किंवा पायडलांचा आस ज्या आडव्या नळीत बसतो तिच्या तळाशी तो ठोकलेला असतो. मालकाला तो बहुधा ठाऊक नसतो. दुकानदाराच्या पावतीवरही पुष्कळदा ‘एक सायकल’ एवढेच लिहिलेले असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ सायकलीला लागू नाही, त्यामुळे सरकारी नोंदणीही नाही. पूर्वी पुण्यासारख्या शहरांत सायकलीवर स्थानिक कर असे व तो भरल्याचा क्रमांकित बिल्ला सायकलीला लावावा लागे. हेतू महसुलाचा होता, तरी त्या बिल्ल्यामुळे सायकलीला एक ओळख मिळत असे. कर गेला ते बरेच झाले. ओळखही त्याबरोबर गेली. जपानमध्ये १९९४ पासून सायकलीची चोरीप्रतिबंधक नोंदणी मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. ती विक्रेत्याकडेच होते आणि पोलिसाला रस्त्यात थांबविलेल्या सायकलीचा मालक क्रमांकावरून शोधता येतो. आपल्याकडे निदान पावतीवर क्रमांक लिहिण्याची सवय विक्रेत्यांना व ग्राहकांना लागली, तरी पुष्कळ काम होईल. सायकलीचे व क्रमांकाचे छायाचित्र भ्रमणध्वनीत ठेवण्यास तर काहीच खर्च नाही.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक संकेतस्थळावर वस्तू हरविल्याची नोंद करण्याची सोय आहे. ती सोपी असल्याने चोरीस गेलेल्या सायकलीचीही तेथे ‘हरविली’ म्हणून नोंद केली जाते. हरविल्याची नोंद ही चोरीची तक्रार नव्हे, आणि पुढे चोर सापडला तर त्या नोंदीचा उपयोग मर्यादित राहतो.

सायकल परत कशी मिळते

अमुक एका सायकलीचा माग काढून ती सापडली, असे क्वचित घडते. बहुधा एखादा चोर दुसऱ्याच कारणाने पकडला जातो, आणि त्याच्या सांगण्यावरून लपविलेल्या सायकली हाती लागतात. पोलिसांपुढील कबुली पुरावा ठरत नाही. परंतु तिच्यातील जेवढ्या भागामुळे वस्तूचा प्रत्यक्ष शोध लागला तेवढा भाग भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ नुसार ग्राह्य आहे. चोरीनंतर लवकरच जो मनुष्य तो माल बाळगताना आढळतो व त्याचा खुलासा देऊ शकत नाही, तो स्वतः चोर किंवा चोरीचा माल जाणूनबुजून घेणारा आहे असे न्यायालय गृहीत धरू शकते (कलम ११९). ‘इतक्या सायकली जप्त’ अशा बातमीसोबत ठाण्याच्या आवारात ओळीने मांडलेल्या सायकलींचे छायाचित्र जेव्हा छापून येते, त्यामागे ही प्रक्रिया असते.

त्या ओळीतील आपली सायकल ओळखली म्हणून ती लगेच हाती येत नाही. जप्त झाल्यावर ती मुद्देमाल होते. मालकाने कलम ४९७ किंवा ५०३ खाली दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा, पावती किंवा अन्य पुरावा दाखवावयाचा, आणि मग सुपूर्तनामा करून ती ताब्यात घ्यावयाची. पूर्वी मुद्देमाल वर्षानुवर्षे गंजत पडे. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या २००२ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने, मुद्देमाल पोलीस ठाण्यात पंधरा दिवस ते एक महिना याहून अधिक काळ ठेवू नये असे सांगितले. नव्या संहितेत त्याला कालमर्यादेचे रूप मिळाले आहे : माल न्यायालयापुढे आल्यापासून १४ दिवसांत त्याचे विवरण करावयाचे, छायाचित्रे घ्यावयाची, आणि विवरणानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यावयाचा. ती छायाचित्रेच खटल्यात पुरावा म्हणून वापरता येतात, त्यामुळे सायकल अडवून ठेवण्याचे कारण उरत नाही.

सायकल सशुल्क स्टँडवरून गेली असेल तर वस्तू नाही तरी तिची किंमत मिळण्याचा मार्ग आहे. टोकन देऊन सायकल ताब्यात घेणारा चालक भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १५१ नुसार सामान्य विवेकी मनुष्याइतकी काळजी घेण्यास बांधलेला असतो. ‘वाहने मालकाच्या जबाबदारीवर’ हा फलक त्याला निष्काळजीपणाच्या दायित्वातून मुक्त करीत नाही. हॉटेलच्या ताब्यात दिलेल्या मोटारीसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच तत्त्व सांगितले. मात्र केवळ मोकळ्या जागेत सायकल लावण्याची मुभा मिळाली असेल, तर हे दायित्व सहसा उद्भवत नाही.

ज्या सायकलींचा मालक माहीत नसतो, त्यांच्यासाठी दंडाधिकारी उद्घोषणा काढतो आणि दावा करण्यास सहा महिन्यांची मुदत देतो. या मुदतीत कोणी आला नाही आणि ज्याच्याकडे ती सापडली त्यालाही आपला हक्क दाखविता आला नाही, तर सायकल राज्य शासनाच्या अधीन होते व तिची विक्री करता येते.  मुदतीत दावा करण्यासाठीही मालकापाशी तो नळीवरचा क्रमांक लिहिलेला असावा लागतो.