सूक्ष्मदर्शकाचे यश रंगद्रव्याच्या हाती

सूक्ष्मदर्शकाच्या इतिहासात मानाचे पान आजवर भिंगालाच मिळत आले आहे. भिंगाखालील नमुन्यास लावावयाचे रंगद्रव्य ही जणू दुय्यम बाब! ही समजूत आता बदलावयास हवी.

साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन वस्तू वेगळ्या दाखविता येत नाहीत. या मर्यादेचे सूत्र जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी १८७३ साली मांडले. पेशीतील प्रथिने तर अवघ्या काही नॅनोमीटरची. ही तटबंदी ओलांडण्याचे मार्ग दाखविल्याबद्दल एरिक बेटझिग, श्टेफान हेल व विल्यम मोर्नर यांना २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. यांपैकी एका मार्गात पेशीतील प्रदीप्त रेणू एकाच वेळी न उजळता थोडेथोडे उजळतात आणि प्रत्येकाचे स्थान स्वतंत्रपणे निश्चित केले जाते.

खरी अडचण येथेच सुरू होते. स्थाननिश्चितीची अचूकता रेणूकडून मिळणाऱ्या प्रकाशकणांच्या संख्येच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. दुप्पट अचूकता हवी, तर प्रकाशकण चौपट हवेत. त्यासाठी लेसर प्रखर करावा, तर रंगद्रव्य लवकर विझते आणि जिवंत पेशीलाही इजा पोहोचते. म्हणजे जे जीवन पाहावयाचे, त्याचाच पाहण्याच्या क्रियेने घात व्हावयाचा.

हा पेच सोडविण्यास रसायनशास्त्रच धावून आले. अमेरिकेतील जनेलिया संशोधन केंद्रात ल्यूक लॅविस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऱ्होडामीन या एकोणिसाव्या शतकातील रंगद्रव्याकडे पुन्हा लक्ष दिले. त्याच्या एका प्रकारात रेणूच्या दोन बाजूंचे डायमिथिलअमिनो गट पिळले जातात आणि शोषलेली बरीच ऊर्जा प्रकाश न होता वाया जाते. त्या गटांच्या जागी चार अणूंचे ॲझेटिडीन वलय बसविताच ही गळती बव्हंशी थांबली. शोषलेल्या शंभर प्रकाशकणांमागे पूर्वी ४१ परत मिळत, ते ८८ मिळू लागले. २०१५ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. पुढे ही रंगद्रव्ये इतर प्रयोगशाळांना विनामूल्य पाठविण्यात आली, हेही तितकेच महत्त्वाचे.

यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. महागडे यंत्र खरेदी केले की संशोधन आपोआप होते, असे मानणाऱ्यांनी रंगद्रव्य घडविणाऱ्या रसायनशास्त्रज्ञालाही निधीत वाटा द्यावयास हवा. दिवा मंद वाटला म्हणून तेलच ओतीत राहण्यापेक्षा वात नीट करावी, हे शहाणपण प्रयोगशाळेतही तितकेच खरे आहे.